पहिली एल्क शिकार, तीही बॅककंट्रीत – सामान काय न्यायचं?

डोंगरवेडा_५२८०
नमस्कार मंडळी. मी मूळचा नाशिकचा, आता डेन्व्हर. सह्याद्रीत भरपूर फिरलोय, इकडे आल्यावर फोर्टीनर्सही (चौदा हजार फुटांवरची शिखरं) बऱ्यापैकी झाले. ऑफिसातला एक मित्र लहानपणापासून बापाबरोबर शिकारीला जातो, त्याच्यासोबत यंदा ऑक्टोबरअखेर सेकंड रायफल सीझनला (रायफलच्या शिकारीचा दुसरा हंगाम) कोलोरॅडोतल्या फ्लॅट टॉप्स डोंगरांत एल्कसाठी, म्हणजे इकडच्या मोठ्या हरणासाठी, जायचं ठरलंय. आउटफिटर (शिकारीची सगळी सोय करून देणारा) नाही, घोडे नाहीत, आपलं आपण चालत जायचं, ट्रेलहेडपासून (पायवाट सुरू होते ती जागा) साधारण दहा किलोमीटर आत तळ टाकायचा आणि चार-पाच रात्री राहायचं. हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, बुल टॅग (एक नर मारायचा परवाना) ऑगस्टमध्ये विक्री सुरू झाली की घेणार.

आता यादी करायला बसलोय तर डोकं फिरायची वेळ आलीय. व्हिडिओत प्रत्येक जण चारशे डॉलरची पँट विकतोय. मला साधं सांगा, स्लीपिंग बॅग किती डिग्रीची, स्टोव्ह कुठला, जेवणाचं काय, दुर्बीण लागतेच का. सध्या सॅक २४ किलोवर गेलीय, रायफल वेगळी. एरवी ट्रेकला मी १४-१५ च्या वर जात नाही, त्यामुळे २४ बघून जरा टरकलोय.

मोंटानाकर
स्वागत. बोझमनला बरीच वर्षं झाली, दर सीझनला जातो, म्हणून लिहितोय, आणि थोडं लांबलचक लिहितो, कंटाळू नकोस.

भाऊ, यादी बाजूला ठेव. तुझ्या पोस्टमधला सगळ्यात महत्त्वाचा आकडा २४ किलो नाही, १० किलोमीटर आहे. एल्कचा मोठा नर जिवंतपणी तीनशे किलोच्या वर भरतो, हाडं काढून नुसतं मांस घेतलं तरी ऐंशी ते शंभर किलो निघतं. म्हणजे २०-२५ किलोच्या चार खेपा. तुम्ही दोघं, म्हणजे प्रत्येकी दोन. तळावरून ओझं घेऊन बाहेर १०, मोकळ्या सॅकने परत आत १०, पुन्हा ओझं घेऊन बाहेर १०. झाले तीस. आणि तंबू अजून आतच आहे! तो आवरायला आणखी वीस. पन्नास किलोमीटर माणशी, सगळं नऊ-दहा हजार फुटांवर, बर्फ असू शकतो, पडलेली झाडं ओलांडत. आणि दोघांनाही नर मिळाला तर? ते गणित तूच कर.

हे टाळता येत नाही, कारण खाण्याजोगं मांस जंगलात सोडून येणं कायद्याने गुन्हा आहे. चारही पाय, पाठीचे पट्टे, आतले मऊ फिले, एवढं आणावंच लागतं. आणि कायदा नसता तरी आणायलाच हवं, नाहीतर मारायचं कशाला. दोन चाकांची गाडी न्यायचा विचार असेल तर फ्लॅट टॉप्स वाइल्डरनेस (कायद्याने राखलेलं रान) आहे, तिथे चाक चालत नाही, कुठलंच, सायकलसुद्धा नाही.

तर पहिला सल्ला, तळ चार किलोमीटरच्या आत आणा. नाहीतर आत्ताच जवळच्या गावातल्या एखाद्या घोडेवाल्याशी बोलून ठेवा की जनावर पडलं तर मांस बाहेर काढून देशील का आणि किती घेशील. सीझनमध्ये आयत्या वेळी फोन केला तर त्यांचे घोडे रिकामे नसतात.

बे_एरिया_बंड्या
मी इथे चार किलोची तांदळाची पिशवी गाडीतून वर आणायला लिफ्ट वापरतो. वाचतोय, चालू द्या.

डोंगरवेडा_५२८०
बापरे. हा हिशोब मी केलाच नव्हता, मित्र म्हणाला आत गेलं की गर्दी टळते एवढंच डोक्यात होतं. ओटीसी युनिटमध्ये (जिथला टॅग सोडतीशिवाय थेट विकत मिळतो असा शिकारीचा विभाग) ट्रेलहेडवर गाड्यांची रांग असते म्हणे. मग जवळ राहून गर्दीचं काय करायचं?

रानमांजर
गर्दी अंतराने टळते हा अर्धाच भाग झाला. मी ग्रँड जंक्शनला असते, नवरा आणि मी दोघंही जातो. आमचा अनुभव असा की लोक पायवाट सोडत नाहीत. पायवाटेने आठ मैल चालतील पण रस्त्यापासून दीड मैलावरच्या उभ्या, पडझडीच्या उतारावर कोणी घुसत नाही. सीझन उघडला, दोन दिवस बार वाजले की एल्क नेमके तिथेच जाऊन बसतात. उत्तरेकडे तोंड असलेला उतार, दाट स्प्रूस, दिवसा अंधार वाटेल असं जंगल, जवळ पाणी. रात्री कुरणात चरायचं आणि उजाडायच्या आत वर सरकायचं, असा त्यांचा दिवस. सप्टेंबरमध्ये माजावर असतात तेव्हा नर ओरडून स्वतःच पत्ता सांगतो, ऑक्टोबरअखेर बहुतेक गप्पच. त्यामुळे दुर्बीण लागतेच का या प्रश्नाचं उत्तर, हो, लागतेच. दहा बाय बेचाळीस (दहापट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरे. पैसे कुठे घालायचे तर आधी बुटात, मग दुर्बिणीत, पँटीत सगळ्यात शेवटी.

नकाशात आजच बसून उत्तर-उतार शोधायला लाग, कंटूर (उंचीच्या रेषा) एकमेकांना चिकटलेत आणि जवळून पायवाट जात नाही अशा जागा. फोनवर ऑफलाइन उतरवून घे आणि एक कागदी प्रतही ठेव. थंडीत फोनची बॅटरी बघता बघता जाते, फोन आतल्या खिशात अंगाला लावून ठेवायचा.

एच१बी_हमाल
धागाकर्त्याला वेगळाच प्रश्न. तू व्हिसावर आहेस की ग्रीन कार्डवर? कारण नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच फेडरल कायद्याने बंदी आहे ना?

डोंगरवेडा_५२८०
एच-वन-बी. रायफल मित्राची आहे, त्याच्या बापाची जुनी थर्टी-ओ-सिक्स. माझी नाही, मग चालतं ना?

मोंटानाकर
थांब थांब. बरं झालं हमालाने विचारलं. कायदा मालकी बघत नाही, ताबा बघतो, मित्राची रायफल तुझ्या हातात म्हणजे ताब्यात. पण त्याच कायद्यात अपवाद आहे, अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर बंदी लागू होत नाही. मुद्दा असा की रेंजवर सरावाला जाशील त्या दिवशीसुद्धा ते लायसन्स खिशात हवं. एल्कचा टॅग ऑगस्टमध्ये मिळणार, सराव तर आत्ता करायचाय, म्हणून लोक आधी साधं स्मॉल गेम लायसन्स काढून ठेवतात. तरी इमिग्रेशन वकिलाला एकदा ईमेल कर, शंभर-दोनशे डॉलर गेले तर गेले. हा धागा म्हणजे कायदेशीर सल्ला नव्हे.

आणि कोलोरॅडोत सलग सहा महिने राहिला असशील तर रहिवासी दराने लायसन्स मिळतं, शंभर डॉलरच्या आत. बाहेरच्याला त्याच टॅगला आठशेच्या वर पडतात.

सातारकर_काका
मी साताऱ्यात असतो, अमेरिकेला फक्त नातवाच्या बारशाला आलो होतो. आमचे वडील १९७२ चा कायदा यायच्या आधी परवान्यावर रानडुकराला जात. मी पोर होतो, मागे मागे जायचो. ते सामानाचं काही बोलत नसत, वाऱ्याचंच बोलत. कनवटीला चुलीतली राख बांधलेली असे, चिमूट सोडून बघायची कुठे जाते. तिकडच्या डोंगरात वारा कसा असतो हो? आणि एल्क म्हणजे आपलं सांबर समजायचं का?

मोंटानाकर
काका नमस्कार. सांबराच्याच कुळातलं, पण आकाराने बरंच मोठं आणि कळपाने राहतं. वाऱ्याचं तुमच्या वडिलांचं अगदी खरं. राखेऐवजी इथे बारीक पावडरची पिचकारी मिळते, काम तेच. डोंगरात वाऱ्याला वेळापत्रक असतं. पहाटे थंड हवा जड असते, ती उतारावरून खाली वाहते. ऊन लागून जमीन तापली की हवा वर चढायला लागते. संध्याकाळी सावली पडली की परत खाली. म्हणून पहाटे आपण एल्कच्या खालच्या अंगाला हवं, ऊन चढल्यावर वरच्या. मधला जो पालटायचा वेळ असतो, नऊ-दहाच्या सुमारास, तेव्हा हवा कुठेही फिरते, त्या वेळी जवळ सरकायच्या भानगडीत न पडता बसून खावं. एल्कचे डोळे फसतात कधी कधी, नाक नाही.

डॉ_अनघा
थोडं तब्येतीचं. डेन्व्हर १६०९ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याच्या जवळपास (१६४६) तू रोज राहतोस, ही जमेची बाजू. तरी तळ तीन हजार मीटरवर असेल तर पहिल्या रात्री डोकं दुखणं, झोप न लागणं, मळमळ होऊ शकते. एक दिवस आधी जा, ट्रेलहेडजवळ झोप, मग आत शिर. पाणी पीत राहा, पहिल्या रात्री बिअर नको. आधी कधी त्रास झाला असेल तर डॉक्टरला विचारून अ‍ॅसिटाझोलामाइड घेता येतं. डोकेदुखीबरोबर तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर चर्चा नाही, खाली उतरायचं.

दुसरं म्हणजे घाम. चढताना लोक जाड जॅकेट घालून चालतात, आतून भिजतात, मग दोन तास दुर्बीण लावून बसतात आणि हुडहुडी भरते. चालायला लागताना थंडी वाजत असली पाहिजे. सुती काही नको, बनियनसुद्धा नाही. मेरिनो किंवा सिंथेटिक. बसल्यावर वरून जाड पफी (पिसं किंवा कापूस भरल्यासारखं फुगीर जॅकेट).

निर्मळ_मन
एवढी तयारी, एवढं गणित, आणि शेवटी एका मुक्या जनावराला गोळी घालायला. ट्रेकला जा, फोटो काढा, परत या. वाईट वाटलं वाचून.

रानमांजर
तुमचं वाईट वाटणं समजू शकते, खोटं म्हणणार नाही. पण इथली व्यवस्था जरा वेगळी आहे ती सांगते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोत बेसुमार बाजारी शिकारीने एल्क जवळपास संपले होते, वायोमिंगहून आणून पुन्हा सोडले. आज इथे जगातला सर्वांत मोठा एल्कचा साठा आहे, अडीच लाखांच्या वर. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के कर लागतो आणि तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो, वर लायसन्सची फी. किती टॅग द्यायचे ते कळपाची मोजणी करून ठरतं, हिवाळा कडक गेला तर कमी करतात. २०२२-२३ च्या हिवाळ्यात वायव्य भागात भरपूर एल्क मेले, नंतर तिथले टॅग कापले.

निर्मळ_मन
माहिती चांगली आहे. पण पैसा मिळतो म्हणून मारणं योग्य होतं असं मला नाही वाटत. असो.

संपादक_मंडळ
शिकार योग्य की अयोग्य यावर वेगळा धागा काढावा. इथे मूळ प्रश्नावर राहू.

डोंगरवेडा_५२८०
धन्यवाद सगळ्यांना. निर्मळ_मन, तुमचा मुद्दा माझ्याही मनात आहे, मी मटण खातो आणि आयुष्यात कोंबडीसुद्धा स्वतः कापलेली नाही, एकदा तरी ते सगळं स्वतः करून बघायचंय, एवढंच माझं कारण. वेगळ्या धाग्यावर बोलू.

मित्राशी बोललो. तळ साडेतीन किलोमीटरवर आणलाय. आता मांसासाठी सॅकमध्ये नक्की काय काय ठेवायचं? सुरा कोणता?

रानमांजर
मोठा सुरा नको, सिनेमातला तर नकोच. बदलत्या पात्याची छोटी सुरी आणि चार-पाच जादा पाती, शिवाय एक साधी पक्क्या पात्याची, कारण सांध्यात जोर लावला की बदलती पाती मोडतात. मोडलेला तुकडा मांसात राहिला तर शोधत बसावं लागतं. नायट्राइल हातमोजे, जाळीच्या कापडी पिशव्या (एल्क साइजच्या चार आणि सुट्या मांसाला एक), पंधरा मीटर पॅराकॉर्ड (बारीक मजबूत दोरी), हेडलॅम्प दोन. दोन का, तर संध्याकाळी पडलेलं जनावर रात्रीच सोलावं लागतं. पातळ प्लास्टिकची शीट, मांस मातीत ठेवायला नको म्हणून. चालायच्या काठ्या, ओझं घेऊन उतरताना गुडघे त्याच वाचवतात. सगळं मिळून दीड किलोच्या आत बसतं.

पोट न फाडता सोलायची पद्धत आहे, गटलेस म्हणतात, ती शीक. जनावर कुशीवर, वरच्या बाजूची कातडी पाठीच्या कण्यापासून खाली सोलायची, पुढचा खांदा सुटा करायचा (तिथे हाडाचा सांधा नसतो, नुसतं मांस कापत गेलं की येतो), मग मागची मांडी खुब्यातून, पाठीचा पट्टा, मान, मग उलटवून दुसरी बाजू. आतले फिले शेवटच्या बरगडीमागून हात घालून काढायचे. आतडी जागच्या जागी राहतात. तीनशे किलो धूड दोघांनी उलटवायचं म्हणजे घाम निघतो, एक पाय दोरीने झाडाला बांधून घ्या.

आणि घाई हवी ती कातडी काढायची. एल्कचं कातडं इतकं जाड असतं की बाहेर थंडी असली तरी मांडीच्या हाडाशी मांस गरमच राहतं आणि तिथून आंबायला लागतं. सोलून, पिशवीत घालून, सावलीत फांदीला टांगायचं, खालून वारा लागला पाहिजे. आतड्यांच्या ढिगापासून शंभरेक मीटर लांब, कारण वासावर अस्वल येतं. कोलोरॅडोत काळंच अस्वल आहे, तेवढा दिलासा.

एक नियम लोक विसरतात, नर होता याचा पुरावा एका मांडीला नैसर्गिक चिकटलेला ठेवावा लागतो. लाजू नका, कापताना लक्षात ठेवा. टॅग तिथल्या तिथे सही-तारीख घालून लायसन्सपासून सुटा करायचा.

बे_एरिया_बंड्या
जेवत होतो.

सातारकर_काका
बंड्या, पोळी खाली ठेव आणि वाच. बाई उत्तम सांगतायत.

मोंटानाकर
ताईंनी सगळं सांगितलं, मी बाकीचं पटकन.

झोप: शून्य फॅरनहाइटची बॅग, म्हणजे उणे अठरा सेल्सिअस. खालची मॅट आर व्हॅल्यू (थंडी अडवायची क्षमता) पाचच्या वर, बॅगपेक्षा मॅटवर कंजूषपणा केला तर जास्त गारठशील. स्टोव्ह: साधी गॅसची कॅन गोठणबिंदूच्या खाली रडते. एकतर व्हाइट गॅसचा (द्रव इंधनाचा) स्टोव्ह, नाहीतर कॅन रात्री झोपायच्या बॅगेत घे. पाण्याचा फिल्टर पोकळ तंतूचा असेल तर तोही बॅगेत, एकदा गोठला की आतले तंतू फुटतात आणि बाहेरून काही कळत नाही. पाणी शुद्ध करायच्या गोळ्या जोडीला ठेव.

भगवा: रायफल सीझनला अंगावर किमान ५०० चौरस इंच चमकता नारिंगी आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी, सगळ्या बाजूंनी दिसेल अशी. गुलाबी पण चालतो. कॅमोचे (झाडीत लपायच्या छापाचे) नक्षीदार नारिंगी चालत नाही, सलग हवा. महाग कॅमो कपड्यांचे पैसे इथेच वाचले तुझे.

सॅटेलाइट मेसेंजर (मोबाइलची रेंज नसली तरी उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र) न्यायचाच. भाड्याने मिळतो.

नेम: बेंचवर बसून मारलेल्या गोळ्यांवर विश्वास ठेवू नको. मांडी घालून, गुडघ्यावर, सॅकवर टेकून, आणि पन्नास उड्या मारून धाप लागलेली असताना सराव कर. ज्या अंतरावर अशा अवस्थेत दहापैकी नऊ गोळ्या जेवणाच्या ताटलीत बसतात ते तुझं अंतर, नवख्याला बहुतेक दोनशे यार्डांच्या आत. त्यापुढचं जनावर दिसलं तर सरकून जवळ जायचं किंवा सोडून द्यायचं. आणि बार टाकण्याआधी शिंगं मोज, बहुतेक युनिटात एका शिंगाला चार टोकं किंवा कपाळावरचं टोक पाच इंचांचं असल्याशिवाय नर कायदेशीर नाही. बार लागला की धावू नको, जागा डोळ्यात धरून अर्धा तास बस.

एच१बी_हमाल
थोडं विषयांतर, पण चाकाला बंदी वाचून आठवलं. फ्लॅट टॉप्समधल्या ट्रॅपर्स लेकला १९१९ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसने आर्थर कारहार्ट नावाच्या माणसाला बंगल्यांचे प्लॉट आखायला पाठवलं होतं. त्याने वर कळवलं की इथे काहीच बांधू नका. पुढे १९६४ चा वाइल्डरनेस कायदा आला, त्या विचाराची सुरुवात इथून धरतात. त्यामुळे तुझ्या पाठीवरच्या ओझ्याला तो जबाबदार आहे.

डोंगरवेडा_५२८०
हाहा, भेटला तर सांगेन. जेवणाचं कोणी बोललंच नाही! फ्रीझ-ड्राय पाकीट एक पंधरा डॉलरला पडतं आणि चव पुठ्ठ्याची. बायको म्हणते घरचं ने.

रानमांजर
बायकोचं ऐक. शेंगदाणे-गुळाचे लाडू, तीळ-गुळाच्या पोळ्या भरपूर तूप लावून, या दोन गोष्टी वजनाला सगळ्यात परवडतात, शंभर ग्रॅमला पाचशे कॅलरीच्या आसपास. उपमा आणि पोहे घरी फोडणी देऊन कोरडे भाजून न्यायचे, उकळतं पाणी ओतून झाकून ठेवलं की झालं. इन्स्टंट भात, मेतकूट, तूप. थालीपीठ नको, दगड होतं. लोणचं छोट्या डबीत, थंडीत तोंडाला चव नसते तेव्हा तेच जेवण गिळायला लावतं. दिवसाला साडेतीन हजार कॅलरी तरी धर, मांस वाहायच्या दिवशी त्याही पुरत नाहीत. मसाल्याचे डबे वासाचे असतात, ते सगळे रात्री तंबूपासून लांब उंच टांगायचे किंवा बेअर कॅनिस्टरमध्ये (अस्वलाला उघडता येत नाही असा डबा).

डोंगरवेडा_५२८०
नवीन यादी केली. दुसरा तंबू, खुर्ची, तीन जादा पँटी, कॅमेऱ्याची मोठी लेन्स, कुऱ्हाड गेली. काठ्या, पिशव्या, सुऱ्या, दुसरा हेडलॅम्प आला. खाणं धरून १८ किलो. सॅक बदलावी लागेल, माझ्या ट्रेकच्या सॅकला फ्रेम नाही, २५ किलो मांसाला ती वाकेल. भाड्याने बघतोय. आजपासून जिने, पाठीवर पाण्याचे कॅन, वर पोचलं की पाणी ओतून द्यायचं, असं मित्राने सांगितलंय.

मोंटानाकर
पाणी ओतून देऊ नको. चढताना दम लागतो पण गुडघे उतरताना जातात, आणि मांस बहुतेक उतारावरूनच आणायचं असतं. निम्मे दिवस ओझ्यासकट उतर.

डोंगरवेडा_५२८०
ओके. शेवटचे दोन, सीडब्ल्यूडीची टेस्ट करायची का, आणि शंभर किलो मांस अपार्टमेंटमध्ये ठेवू कुठे?

रानमांजर
टेस्ट करच. हरणांच्या मेंदूचा रोग आहे, माणसाला झाल्याचं सिद्ध नाही, पण पॉझिटिव्ह जनावर खाऊ नये असंच सीडीसी (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) सांगतं. डोकं पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या (राज्याचं वन्यजीव खातं) केंद्रावर न्यायचं, गळ्यातल्या लसिका ग्रंथींचा नमुना घेतात. शिंगं आधी कापून घेतलीस तरी चालतं. काही युनिटात ही टेस्ट सक्तीची असते, तुझ्या टॅगबरोबर पत्र येईल. निकालाला आठवडे लागू शकतात, तोपर्यंत पाकिटांवर तारीख घालून फ्रीजरमध्ये, आणि मित्राच्या जनावराचं मांस त्यात मिसळू नका, एकाचा निकाल वाईट आला तर दुसऱ्याचंही टाकावं लागेल.

जागेचं म्हणशील तर एका घनफुटात पंधरा-सोळा किलो मांस बसतं. सात घनफुटाचा चेस्ट फ्रीजर घे, जुना दीडशे डॉलरला मिळतो, आणि जायच्या आधी चालू करून ठेव. नळ्या टाकू नकोस, त्याचा रस्सा होतो. बाकी मांसाला चरबी अगदी कमी, मटणासारखं तास तास शिजवलंस तर पाठीचा पट्टा चामडं होईल, तो तव्यावर दोन-दोन मिनिटं, बाकी खिमा.

बे_एरिया_बंड्या
खिम्याला मी येतो. फ्लाइट बघू का?

डोंगरवेडा_५२८०
आधी टॅग मिळू दे रे.